सव्वीसशेची ओळ

हिरवं पाकीट. आत मक्याचे फुगे, नारळाच्या चवीचे.

पिवळी खाच, काळी खाच, पिवळी खाच, काळी खाच.

शिंच्यू गावात नवव्या महिन्याचा वारा सुटला की बायका तांदळाच्या शेवया बाहेर वाळत घालतात आणि वाऱ्याचा जोर गालानं जोखतात.

साडेसहा म्हणजे सहा नाही. सातही नाही.

कोंबडीच्या तंगडीचा डबा सांगितला होता. आला तो नुसत्या कोबीचा.

दोनशे पट्ट्यांतून दोन.

लाल शाईची डबी. चौदा वर्षांत एकदाही वाळलेली नाही.

*

शेवया सोडल्या तर हे सगळं एकाच खोलीतलं आहे आणि एकाच आठवड्यातलं. खोली तैपेईत, बादे रस्त्यामागच्या गल्लीत, स्कूटर दुरुस्तीच्या दुकानावर. क्वांगहुआ पूल पाडला तेव्हा त्याखालचा कॉम्प्युटरचा सगळा बाजार पत्र्याच्या शेडमध्ये गेला. आमचं कॉम्प्युटरचं मासिक मात्र जिथं होतं तिथंच राहिलं. मासिकात आम्ही अकरा माणसं. त्यातल्या तिघांची ही गोष्ट: संपादक येनताई, तपासणीच्या खोलीचे चुंग मास्तर, आणि मी, पेंग यी-निंग, सहा वर्षं मास्तरांच्या हाताखाली.

दर डिसेंबरच्या अंकात आमचा तक्ता यायचा. वर्षभरात बाजारात आलेले प्रोसेसर, काही निळ्या घराचे, काही लाल घराचे, आणि प्रत्येकापाशी मेमरी किती चपळ चालते त्याचे आकडे. दोन्ही घरांची खरी नावं सगळ्या जगाला ठाऊक आहेत. आमच्या खोलीत मात्र निळं आणि लाल, एवढंच.

लोक ते पान फाडून, चार घड्या घालून, खिशातून बाजारात न्यायचे. दुकानदाराला काही विचारायचे नाहीत. ओळीवर बोट ठेवायचे आणि म्हणायचे, हा. दुकानदारांनीही तेच पान गल्ल्यामागच्या भिंतीला चिकटवलेलं असायचं. चौदा वर्षांत त्या तक्त्याची एकही दुरुस्ती छापावी लागली नव्हती. तळाशी, उजव्या कोपऱ्यात, मास्तरांच्या नावाचा लाल चौकोनी शिक्का.

पगार मला कुठंही मिळाला असता. मी तिथं होते ती त्या कोपऱ्यासाठी.

त्या वर्षी मास्तर त्रेसष्टचे झाले आणि त्यांचा उजवा हात थरथरायला लागला. ऑक्टोबर संपताना त्यांनी मेमरीच्या पट्ट्यांची डबी माझ्यासमोर सरकवली आणि सांगितलं, यंदा तक्ता तू कर. पुरा झाला तर शिक्का तुझा. अपुरा राहिला तर मी निस्तरीन आणि शिक्का माझा. मग पुढच्या वर्षी बघू.

‘पुढच्या वर्षी बघू’ हे मास्तरांनी माझ्याआधी दोघांना सांगितलं होतं. ते दोघे आता विमा विकतात.

*

मोजायचं काय, ते सांगते. काम प्रोसेसर करतो, पण कामाचा माल असतो मेमरीत. प्रोसेसर हाक मारतो, मेमरी ओ देते. हाक आणि ओ यांच्यामधला वेळ मोजायचा, सेकंदाच्या अब्जाव्या भागांत. जितका कमी तितका चांगला. निळ्यांची हाक तेव्हा मदरबोर्डावरच्या एका मधल्या चिपमार्फत जायची, निरोप्याच्या हाती चिठ्ठी द्यावी तशी. लालांनी निरोप्याला रजा देऊन मेमरीचं दार घरातच पाडलं होतं. त्यामुळे निळा एकंदर कामात कितीही तगडा असो, या एका बाबतीत लाल पुढे. बाजारातल्या चहाच्या टपरीवर यावरून दोन सख्खे भाऊ वर्षभर एकमेकांशी बोलत नव्हते, आणि दोघांच्याही खिशात आमचंच पान होतं.

नियम घरचे. पट्ट्या दोनच, सगळ्या यंत्रांना त्याच. मास्तर पूर्वी शिंच्यूच्या कारखान्यात मेमरी तपासायचे. जुन्या ओळखीवर तिथं अख्खा दिवस बसून त्यांनी दोनशे पट्ट्या लावून बघितल्या होत्या आणि दोन उचलल्या होत्या, कुठल्याही बोर्डावर न बावरणाऱ्या. तांदूळ तोच, भांडी वेगळी, असं ते म्हणायचे. पट्ट्या बोर्डावरच्या दोन्ही पिवळ्या खाचांत, एक सोडून एक, म्हणजे जोडीनं काम करतात. चाचणी तीनदा, आकडा मधला. पडद्यावर दिसला नाही तो आकडा तक्त्यात नाही. आणि प्रत्येक यंत्राच्या डोक्यावर मक्याच्या फुग्यांचं हिरवं पाकीट, यंत्र शहाण्यासारखं वागावं म्हणून; तैपेईत सगळेच ठेवतात. हिरवंच. मुदतीतलं. न फोडलेलं.

सोमवारी निळ्यांचे दोन झाले. बासष्ट आणि साठ. मंगळवारी लालांचे चार घेतले. चिपांची खरी नावं लांबलचक, म्हणून आम्ही त्यांना ठोक्यांच्या आकड्यानं, सेकंदाला किती दशलक्ष, ओळखायचो. आकडा मोठा तितके ठोके जलद, तितकी किंमत चढी, तितकी ओ लवकर.

२००० — ५४

२४०० — ५०

२६०० — ५३

२८०० — ४७

तिसरी ओळ बघा. महागडा भाऊ स्वस्त भावाच्या मागे.

*

पुन्हा चालवलं. ५३.

पट्ट्या काढल्या, त्यांची सोनेरी टोकं खोडरबरानं घासली, फुंकर न मारता ब्रशनं झाडली, पुन्हा बसवल्या. ५३.

बोर्ड बदलला. ५३.

मास्तर खिडकीशी चहा घेत बसले होते. त्यांनी बघायचं नाही असं ठरवलं होतं आणि ते बघत नव्हते, म्हणजे खिडकीच्या काचेत बघत होते. चौथ्यांदा पट्ट्या काढल्या तेव्हा त्यांनी नुसतं विचारलं, पिवळ्या खाचा ना? सहा वर्षांनी मला हा प्रश्न. मी वाकून पुन्हा बघितलं. खाचा पिवळ्याच होत्या.

*

बुधवारी येनताई आल्या. त्यांनी आकडा बघितला नाही, आधी पाकीट बघितलं. सव्वीसशेच्या यंत्रावरच्या पाकिटाची मुदत नऊ नोव्हेंबरला संपली होती. त्या दिवशी पंधरा तारीख.

आता हसू येतं, पण तेव्हा खोलीतला एकही माणूस हसला नाही. मीसुद्धा नाही. मला तर सुटल्यासारखं झालं. मी पाकीट बदलायला उचललं तर ते फारच हलकं. उलटं केलं. मागची शिवण सफाईनं उघडून चिकटपट्टीनं पुन्हा बंद केलेली. आत हवा.

मास्तर पहिल्यांदाच खिडकीपासून उठले. पाकीट त्यांनी कानाशी धरून हलवलं, मग येनताईंकडे बघितलं. येनताई खिडकीबाहेर बघायला लागल्या.

“सोमवारी तंगडीचा डबा सांगितला होता मी,” त्या शेवटी म्हणाल्या. “कोबी आला. माणसानं करायचं काय?”

“संपादकबाई, यंत्राचा नैवेद्य खाल्लात तुम्ही,” मास्तर म्हणाले. “आणि वर हवा भरून ठेवलीत. देवालाही इतकं कोणी फसवत नाही.”

येनताई स्वतः खाली जाऊन सहाही यंत्रांना नवी पाकिटं घेऊन आल्या. एकालाच नवं दिलं तर बाकीची रुसतील म्हणे. मग सहाही चाचण्या नव्या पाकिटांखाली पुन्हा, प्रत्येक तीनदा. अख्खा बुधवार त्यात गेला. बासष्ट, साठ, चोपन्न, पन्नास, सत्तेचाळीस, सगळे आपापल्या जागी.

२६०० — ५३

*

गुरुवार. येनताईंनी दुसऱ्या एका मासिकाचा ताजा अंक माझ्या टेबलावर उघडून ठेवला. त्यांचाही तक्ता होता. चोवीसशेला एक्कावन्न, अठ्ठावीसशेला अठ्ठेचाळीस आणि सव्वीसशेला साडेएकोणपन्नास. रेघ सरळ, शिडीसारखी.

मी म्हटलं, हा आकडा मोजलेला नाही. मोजलेला आकडा इतका बरोब्बर मधोमध बसत नाही.

येनताईंनी ते मानलं. त्या खोटं छापणाऱ्यातल्या नव्हत्या. पण शुक्रवारी पाचला तैपेईबाहेरच्या चुंगह गावातल्या छापखान्याचा माणूस स्कूटरवरून पान न्यायला येणार होता. त्यांनी मला सरळ सांगितलं: कारण सापडलं तर ओळ छापू. नाही सापडलं तर ओळ काढू. सव्वीसशेची ओळ नाही म्हणून कोणी अंक परत करणार नाही. पण चुकीची ओळ वर्षभर शंभर दुकानांच्या भिंतींवर राहील.

मी मास्तरांकडे बघितलं.

“ओळ काढली तर तक्ता अपुरा,” ते म्हणाले. “शिक्का माझा.”

त्यांच्या आवाजात राग नव्हता. तेच जास्त लागलं.

*

शुक्रवार, जेवणाची वेळ. या खेपेला तंगडी आली होती. मी डब्याच्या पुठ्ठ्याच्या झाकणावर चार आकडे लिहिले, का ते मलाही सांगता येणार नाही. चार दिवस तेच आकडे डोक्यात घण घालत होते, ते बाहेर कुठंतरी ठेवायचे होते.

आमच्या पट्ट्यांची चाल चारशेची, म्हणजे सेकंदाला चारशे दशलक्ष ठोके. त्याहून जोरात पळवायच्या नाहीत. मी भागायला लागले.

दोन हजाराला चारशेनं भागलं, पाच.

चोवीसशे, सहा.

अठ्ठावीसशे, सात.

सव्वीसशे, साडेसहा.

तंगडी हातात तशीच राहिली.

लालांनी दार घरात पाडलं होतं, म्हणून त्यांच्याकडे मेमरीला स्वतःचं घड्याळ नव्हतं. ती प्रोसेसरचे ठोके मोजायची आणि दर पाचव्या, दर सहाव्या, दर सातव्या ठोक्याला एक पाऊल टाकायची. अर्ध्या ठोक्यावर पाऊल पडत नाही. सव्वीसशेला सहाव्या ठोक्यावर टाकावं तर चाल चारशेच्या वर जाणार, पट्टीला झेपणार नाही. म्हणून बिचारी सातव्यावर टाकत असणार. सव्वीसशे भागिले सात. तीनशे एकाहत्तर.

चारशे नाही. तीनशे एकाहत्तर. आणि सुरू होताना पडदा दर वेळी चारशे सांगत होता, कारण पडदा आपण मागितलं काय ते सांगतो. मिळालं काय ते त्याला कोणी विचारलेलं नसतं.

मी झाकण घेऊन मास्तरांपुढे गेले. त्यांनी ते चष्मा वर करून वाचलं, मग चष्मा खाली करून वाचलं.

“माझी आई शेवया वाळत घालायची,” ते म्हणाले. “वारा किती ते गालानं सांगायची. कधी चुकली नाही. पण आई तक्ता छापत नव्हती. हा तुझा गाल झाला. मोजलंस कुठं?”

मी म्हटलं, मोजायला तुमच्या कपाटाची किल्ली लागेल.

त्या लोखंडी कपाटात काय आहे ते मला ठाऊक होतं. कारखाना सोडताना मास्तरांनी तिथला ऑसिलोस्कोप मागून आणला होता. तारेवर विजेचे ठोके कसे पडतात ते लाट काढून दाखवणारं यंत्र. ते गणवेशाच्या निळ्या जाकिटात गुंडाळून ठेवलेलं होतं आणि माझ्या सहा वर्षांत एकदाही बाहेर आलं नव्हतं. गरज नव्हती. पडदा होता.

मास्तरांनी झाकण पुन्हा उचललं. मग त्यांनी विचारलं, म्हणजे पडदा खोटं बोलतो असं तुझं म्हणणं? मी हो म्हटलं. चौदा वर्षं मी चालीचा आकडा पडद्यावरूनच उतरवला, ते म्हणाले. मी त्यालाही हो म्हटलं.

त्यांनी किल्ली दिली.

*

सव्वादोन. ऑसिलोस्कोप गरम व्हायला वीस मिनिटं घेतो. तोवर मास्तरांनी त्याच्यावरही एक हिरवं पाकीट ठेवलं. नवं होतं, मुदत बघून.

सुईसारखं टोक पट्टीच्या ठोक्याच्या तारेवर टेकवायचं होतं. तार केसाएवढी, शेजारी तशाच दहा. कुठली ते मास्तरांना बघताक्षणी कळलं, पण हात त्यांचा चालेना. त्यांनी माझ्या मनगटाखाली आपला डावा हात ठेवला, ओट्यासारखा, आणि बोलत राहिले. वरून तिसरी. नाही, घाबरू नकोस, पुढे. हां. आता श्वास सोड.

लाट आली. हिरवी, थोडी थरथरती. मास्तरांनी पडद्यावरच्या चौकटी मोजल्या. मी मोजल्या. येनताई दारात उभ्या होत्या. त्यांना चौकटी मोजता येत नव्हत्या, तरी त्यांनीही मोजल्या.

३७१.

मग तीच जोडी चोवीसशेच्या यंत्रात. ४००.

पुन्हा सव्वीसशे. ३७१.

तिसऱ्यांदाही घेतलं, कारण नियम घरचा.

“बास,” मास्तर म्हणाले आणि आपला हात काढून घेतला. माझं मनगट आहे तिथंच राहिलं.

गेल्या चार दिवसांत ज्या पट्ट्यांवर मी मनातून संशय घेतला होता त्या मी काढून डबीत ठेवल्या. दोनशेतल्या दोन. त्यांनी पहिल्या दिवसापासून खरंच सांगितलं होतं. त्रेपन्न म्हणजे त्रेपन्न.

*

मला वाटलं, झालं. मास्तरांचं झालं नव्हतं. ते फडताळापाशी गेले आणि जुलैचा अंक घेऊन आले. त्यात छोटा तक्ता होता, शिक्का त्यांचा. लालांच्या बावीसशेच्या ओळीवर त्यांनी बोट ठेवलं. नमुना पुढे परत गेला होता, म्हणून माझ्या तक्त्यात ती चिप नव्हती. जुलैत तिचाही आकडा मागे पडलेला होता. मास्तरांनी तो जसाच्या तसा छापला होता आणि खाली टीप दिली होती: हा नमुना आळशी निघाला.

“भाग,” ते मला म्हणाले.

मला भागायचं नव्हतं. त्यांनाही उत्तर माहीत होतं. तरी ते थांबून राहिले, म्हणून मी मोठ्यानं म्हटलं: साडेपाच. म्हणजे सहाव्या ठोक्याला पाऊल. तीनशे सहासष्ट.

मास्तरांनी मान हलवली, बाजारात योग्य भाव ऐकल्यावर हलवतात तशी. मग येनताईंना म्हणाले, पानावर मला चार ओळींची जागा हवी आहे. येनताई म्हणाल्या, पान भरलं आहे चुंगदादा, शाईचा ठिपकासुद्धा मावणार नाही. मास्तर म्हणाले, वरच्या कोपऱ्यात माझा फोटो आहे ना, तो काढा, माझं थोबाड बघून कोणी प्रोसेसर घेत नाही.

फोटो काढला. त्या जागी त्यांनी लिहून दिलं: ‘जुलैच्या अंकात बावीसशेच्या चिपला मी आळशी म्हटलं होतं. ती आळशी नव्हती. आकडा बरोबर होता, कारण चुकीचं दिलं होतं. खरं कारण शेजारच्या तक्त्यात पेंग यी-निंग यांनी मोजून दिलं आहे.’

चौदा वर्षांतली पहिली दुरुस्ती. लिहिताना त्यांचा हात थरथरत होता, पण अक्षरं एकाही ठिकाणी रेघेखाली उतरली नाहीत. आणि चेहऱ्यावर जे होतं ते मी तोवर एकदाच बघितलेलं: दोनशेतून दोन निवडून ते कारखान्यातून परत आले त्या संध्याकाळी.

*

पाच वाजले. छापखान्याचा माणूस आला. त्याला बसवून येनताईंनी सोयासॉसमध्ये मुरवलेलं अंडं दिलं.

तक्त्यात आता एक स्तंभ जास्त होता. मागितलेली चाल, आणि त्याच्या शेजारी मिळालेली चाल. असा स्तंभ मी तरी तोवर कुणाच्या तक्त्यात बघितला नव्हता.

मी पर्समधून माझा शिक्का काढला. लाकडी, पोस्टात पार्सल घ्यायला वापरायचे तो, एक कोपरा झिजलेला.

“हा?” मास्तर म्हणाले. “माझ्या तक्त्यावर हा?”

मी म्हटलं, तक्ता माझा आहे.

छापखान्याचा माणूस अंडं खायचा थांबला. मास्तर हसले. मग त्यांनी कपाटात, जाकिटाची घडी होती त्या जागी हात घातला आणि एक कापडी डबी काढून टेबलावरून माझ्याकडे सरकवली. आत म्हशीच्या शिंगाचा शिक्का, चौकोनी, त्यांच्या शिक्क्याच्या मापाचा. नाव माझं. तिन्ही चिनी अक्षरं.

लाल शाईच्या डबीचं झाकण मी उघडलं. शिक्का शाईत दाबला, पानाच्या उजव्या कोपऱ्यावर धरला, आणि वजन टाकलं.

*

अंक निघाला त्या आठवड्यात मी शेडच्या बाजारात गेले. काहीही घ्यायचं नव्हतं. सतरा दुकानं मोजली. सतराही भिंतींवर पान. एका दुकानात गिऱ्हाईक म्हणत होतं, सव्वीसशेचा घ्यावा म्हणतो. दुकानदारानं गणकयंत्र त्याच्यापुढे ठेवलं आणि म्हणाला, आधी चारशेनं भागा. पूर्ण जात असेल तर डोळे मिटून घ्या. जात नसेल तर मिळालेली चाल बघा, मग ठरवा.

त्यानं भागलं. मग पानाच्या कोपऱ्याकडे बोट करून विचारलं, हे नाव नवीन दिसतंय.

“नवीन नाही,” दुकानदार म्हणाला. “त्याच खोलीतलं आहे.”

मी तिथंच उभी होते. सांगितलं नाही. दोन पावलं मागे होऊन लांबून ते पान पुन्हा एकदा बघितलं, मग शेजारच्या दुकानात जाऊन तिथलंही.

शिक्का कोरणाऱ्याची पावती डबीच्या तळाशी होती. तिच्यावरची तारीख त्याच वर्षाची, सात मार्च.